अकरा चिठ्ठ्यांचा बोर्ड

कोल्हारजवळच्या त्या खासगी आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गाची एक रीत होती आणि ती कुणालाही खटकत नव्हती. वर्कशॉपच्या भिंतीवर मोटर स्टार्टरचे वीस बोर्ड टांगलेले असत. वायरी सरळ रेषेत, त्या आवळायच्या प्लास्टिकच्या टाय समान अंतरावर, नुसतं बघत राहावं असं काम. परीक्षा जवळ आली की राधाकृष्ण सर कागदाच्या चिठ्ठ्या वाटत. आपलं नाव नि नंबर लिहायचा, ती चिठ्ठी गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर डिंकाने चिकटवायची, की झाला बोर्ड आपला! दोन वर्षांचं शिक्षण वहीत उरकायचं. भिंतीवरच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही.

"स्टोअरला माल येत न्हाई," सर म्हणत. "एकदा उकललं तर पुन्हा बांधनार कोन?"

बेलापूरहून येणाऱ्या जयमालाने हे जवळजवळ दोन वर्षं निमूट ऐकलं. तिला कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागायचं होतं. कारखाना दरवर्षी या संस्थेतली सहा मुलं घेई, तीही प्रॅक्टिकलच्या मार्कांवर. तिची आई कलाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. "पोरगी कारखान्यात मोटरी चालवनार" हे तिने आधीच साऱ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. आईचं ते बोलणं सुरू झालं की जयमाला विषय बदलून टाकी. आकृत्या तिच्यासारख्या वर्गात कुणी काढत नव्हतं, पण खऱ्या पॅनेलपुढे उभं केलं तर आपले हात काय करणार, हे तिला ठाऊक नव्हतं.

परीक्षेला दहा दिवस असताना एका दुपारी तिने आपल्या वाट्याच्या बोर्डावरची चिठ्ठी नखाने उचकटली. तिच्याखाली दुसरी निघाली, मग तिसरी. अशा अकरा चिठ्ठ्या सुटल्या. सगळ्यांत खालची पिवळी पडलेली, तिच्यावर निळ्या शाईत 'अंगद' एवढंच वाचता येत होतं. म्हणजे हा बोर्ड खरा बांधला होता तो एकट्या अंगदने. बाकीचे दहाजण डिंकाच्या जिवावर इलेक्ट्रिशियन झाले होते आणि अकरावी आपण होणार होतो, या विचाराने तिला मनापासून शिसारी आली. तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सगळ्या वायरी सोडल्या.

जुन्या वायरींची टोकं हातात तुटू लागली. ती छाटल्यावर वायरी आखूड पडल्या. कोपऱ्यातल्या खोक्यातून मिळतील त्या रंगांचे तुकडे काढून तिने चार दुपारी बोर्ड बांधला. हिरवं बटण दाबलं, मोटर फिरली. बोट उचललं, मोटर थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दीड तास डोकं लढवल्यावर तिला चूक सापडली. होल्डिंगची वायरच राहिली होती. बटण सोडल्यावरही स्टार्टर धरून ठेवते ती ही वीतभर वायर. ती जोडल्यावर मोटर जी फिरायला लागली ती फिरतच राहिली, आणि जयमाला तिथंच स्टुलावर बसून रडली. इतका आनंद तिला त्या इमारतीत कधी झाला नव्हता.

सर दारात उभे होते. ते रागावले नाहीत, हळहळले.

"अगं, काय केलंस हे! माझ्या रिटायरमेंटपर्यंत पुरला असता तो बोर्ड."

माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं आणि तिला जास्त झोंबलं ते हेच.

परीक्षेला बाहेरून परीक्षक साहेब आले. चहा झाला, मग हातात पेन घेऊन ते भिंतीच्या कडेने निघाले. जयमालाच्या बोर्डापाशी थबकले.

"हे काय गाठोडं? फिनिशिंग नाही काही नाही."

"सर, चालू करून बघा ना. मोटर जोडलेलीच हाय."

"सगळ्यांचे चालू करत बसलो तर मला इथंच मुक्काम करावा लागेल," साहेब म्हणाले आणि पुढच्या बोर्डाकडे वळले. तो तिच्याच वर्गातल्या हर्षलचा. "हं! याला म्हणतात काम."

हर्षलने मान खाली घातली. त्याच्या वहीतल्या आकृत्यासुद्धा जयमालानेच काढून दिल्या होत्या. राधाकृष्ण सरांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

जयमाला पास झाली, सातवी आली. कारखान्याने सहा घेतले, हर्षल पाचवा.

आता ती बेलापुरातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर वायर मोजून विकते. निकालाला दोन महिने झाले होते. कलाबाई डबा घेऊन आली होती, जयमाला एका गिऱ्हाइकाला वायर मोजून देत होती, एवढ्यात फोन वाजला.

"जयमाला, हर्षल बोलतोय. ठेवू नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पंपाचा स्टार्टर बांधलाय. हिरवं बटन दाबलं की मोटर फिरतीय, सोडलं की बंद पडतीय. आमचे साहेब जेवून येतील आता. काय करू?"

"चिठ्ठी चिकटव की वरून."

पलीकडे पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हर घासल्याचा आवाज आला.

"बोल तू काय बोलायचं ते," तो म्हणाला. "पन आदी सांग. हात आतच हाय माझा."

"आत? मेन बंद केलंय ना?"

"न्हाई."

तिचा सगळा राग जागच्या जागी गोठला. "हात काढ! हर्षल, आदी हात काढ भायेर!" ती एवढ्या जोरात ओरडली की गिऱ्हाईक मागे सरकलं. मग तिने त्याला मेन बंद करायला लावलं, टेस्टर लावून खात्री करायला लावली आणि होल्डिंगची वायर कुठून कुठे न्यायची ते सांगितलं. कारखान्याचं दार तिने पाहिलं नव्हतं, पण तो बोर्ड तिला डोळे मिटून दिसत होता.

फोनमधून मोटरचा आवाज आला. या वेळी तो थांबला नाही.

"झालं साहेब," हर्षल तिकडे कुणाला तरी म्हणाला. "बारीक फॉल्ट हुता. सापडला."

"शाब्बास रे!" एक जाड आवाज आला आणि फोन बंद झाला.

कलाबाई डब्याचं झाकण हातात घेऊन तशीच उभी होती.

"कुनाचा गं फोन?"

"कारखान्यातनं."

"व्हय?" आईचा चेहरा उजळला. "बोलावलंय का तुला?"

"न्हाई," जयमाला म्हणाली आणि गिऱ्हाइकाची वायर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. "त्येंचं काम झालं."