आईचा वाघ आणि उपद्रवाचा अर्ज

"रडा, लेकरांनो, रडा! आई तुमची पापं धुते आहे!"

भभूतगिरी महाराजांनी आरोळी ठोकली आणि पत्र्याच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली पन्नास-साठ माणसं खरोखरच रडू लागली. शिंका, ठसके, हुंदके, सगळं एकदम. सख्ख्या बापाच्या तेराव्याला ज्यांचा डोळा ओला झाला नव्हता, असे नंदुरबारचे भलेभले मांडी घालून मुसमुसत होते. देवीमागच्या भिंतीपलीकडे रूपसिंगभाऊंची मिरची दळायची गिरणी. तिच्या इंजिनाच्या धकधकीत आईचा वाघ गुरगुरतो, असं महाराज सांगत. वाघ सकाळी बरोबर नऊला गुरगुरू लागे, दुपारी जेवायला थांबे आणि बाजाराच्या दिवशी सुट्टी घेई. पण देवीपुढे असल्या चौकशा कोण करतो?

मिरचीचा वास कोणाला कसा आला नाही, असं परगावचा माणूस विचारील. अहो, हंगामात नंदुरबारच्या हवेलाच तो वास असतो. मासा पाण्याचा वास घेत नाही, तसे इथले लोक मिरचीचा घेत नाहीत. शिवाय गिरणीचं तोंड मागच्या गल्लीत आणि मधली भिंत हातभर जाड.

दाराशी चुडामण उभा होता. म्युनिसिपालिटीतला कारकून. डोळे त्याचेही वाहत होते, पण आत काहीतरी कुरतडत होतं ते निराळंच. वस्तीत इंजिनाची गिरणी घालायची तर जागा पाहून, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची खात्री करून परवाना द्यायचा, असा नियम होता. रूपसिंगभाऊ म्युनिसिपालिटीचे मेंबर. त्यांचा अर्ज आला तेव्हा चुडामणनं खुर्चीतून न उठता शेरा मारला होता, 'जागा वस्तीपासून दूर आहे.' एवढंच. चार शब्द.

महिनाभरात गिरणीला लागून राहणारी छबूबाई कचेरीत आली. मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठं खुडण्यात जन्म गेलेली म्हातारी.

"मन्हं काही नही, भाऊ," ती म्हणाली. "तीस वरीस पथारीवर बठनू, मन्हा डोयासले सवय शे. पन सून बायतीन शे. तान्हं पोर खोकी खोकी लाल व्हई जास. ती गिरनी तठून काढा."

चुडामणनं तिचा अर्ज शुद्ध कचेरीच्या मराठीत लिहिला, 'आमचे घरास फार उपद्रव आहे, तरी त्याचा बंदोबस्त व्हावा.' अंगठा घेतला. अर्ज पुढे गेला असता तर त्याचा खोटा शेरा उघडा पडला असता, म्हणून त्यानं तो फायलींच्या तळाशी घातला. तिथून तो रूपसिंगभाऊंनी कधी उचलला ते त्याला कळलं, पण तो मूग गिळून बसला. आठ दिवसांत रूपसिंगभाऊंच्या आश्रयानं भभूतगिरी महाराज उगवले आणि गिरणीमागच्या देवीच्या ओट्यावर पत्र्याची खोली उभी राहिली.

आणि त्या दिवशी सगळी खोली रडत असताना महाराजांनी बोट रोखलं ते छबूबाईवर. शेजारणींनी तिला धरूनच आणलं होतं. ती शांत बसली होती. ना ठसका, ना शिंक.

"सगळे रडले. हिच्या डोळ्यांत पाणी आहे का?" महाराज गरजले. "जिच्यात डाकीण बसली तिला आई रडवत नाही! आणि हा पाहा हिच्या अंगठ्याचा कागद. काय लिहिलंय? 'आमचे घरास फार उपद्रव आहे!' बाहेरचा उपद्रव! हिनं स्वतःच कबूल केलंय!"

"डाकीन शे, डाकीन!" मागून कोणी ओरडलं. "गावम्हाईन काढा तिले!"

"मी असं सांगेल नही," छबूबाई गोंधळून म्हणाली. तिनं दाराकडे पाहिलं. "चुडामणभाऊ, तू लिखेल शे ना? सांग ना, मी काय सांगेल व्हतं?"

सगळी खोली चुडामणकडे पाहत होती. तो वळला आणि बाहेर पडला. पळाला, असंच लोकांना वाटलं. खरं सांगायचं तर क्षणभर त्यालाही तसंच वाटलं होतं. पण पाय घराकडे न जाता मागच्या गल्लीत गेले. त्यानं गिरणीतल्या माणसाला म्युनिसिपालिटीचा हुकूम म्हणून इंजिन बंद करायला लावलं, पंख्यापासून निघालेली नळी भिंतीत कुठे शिरते ते पाहिलं आणि परत आला.

धकधक थांबली. हळूहळू ठसके थांबले. लोक डोळे पुसून एकमेकांकडे बघू लागले.

"आई कोपली! वाघ निजला!" महाराज किंचाळले.

"वाघ निजला की पापं पण संपतात का, महाराज?" चुडामणनं विचारलं आणि ओट्यावर चढून देवीमागची लाल चुनरी ओढली. भिंतीतून पत्र्याची नळी बाहेर आली होती. नळीचं तोंड महाराजांच्या आसनाच्या बरोबर वर, म्हणजे मिरचीची भुकटी त्यांच्या डोक्यावरून जाऊन भक्तांच्या तोंडावर पडावी. पलीकडे गिरणीचा पंखा. चुडामणनं नळीतून मूठभर काढली आणि पुढच्या माणसापुढे धरली. "हुंग."

महाराजांनी घाईघाईनं पंजानं नळी बुजवायला पाहिलं आणि त्याच पंजानं कपाळावरचा घाम पुसला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना रडू आलं.

माणसं हसली, मग चिडली. "रूपसिंगले बलावा!" असा गलका झाला.

"त्याला बोलवा, पण आधी माझं ऐका," चुडामण म्हणाला. "उपद्रव म्हणजे भूत नव्हे. कायद्यात शेजाऱ्याच्या त्रासाला तो शब्द आहे. छबूबाईनं गिरणीची तक्रार केली होती. तो शब्द माझा. परवान्यावरचा खोटा शेराही माझा. हिचे डोळे का कोरडे राहतात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी मी गप्प बसलो. मी जागा न पाहता लिहिलं, तुम्ही भिंतीमागे न पाहता मानलं. वळसा घालून मागच्या गल्लीत जायला किती पावलं लागतात? तेवढी चालला असतात तरी ह्या बाईला डाकीण म्हणायची वेळ आली नसती!"

छबूबाई उठली, लुगडं झटकलं आणि त्याच्याकडे न बघता घरी गेली.

चुडामणनं साहेबापुढे सगळं लेखी कबूल केलं. परवाना रद्द झाला आणि गिरणी स्टेशनापलीकडच्या माळावर गेली. महाराज तर नळी उघडी पडली त्याच दिवशी सुरतेच्या गाडीत बसले होते. पण डाकिणीची आवई उठल्यापासून छबूबाईची सून तान्ह्याला घेऊन चिंचपाड्याला माहेरी गेली होती. चुडामण स्वतः जाऊन तिला समजावून घेऊन आला. नळीची गोष्ट तिला पटली. गिरणी गेली हेही तिनं डोळ्यांनी पाहिलं. तरी छबूबाईनं हात पुढे केले तेव्हा तिनं पोर छातीशी आवळलं आणि दोन पावलं मागे सरली.

म्हातारीनं हात तसेच खाली घेतले. "ऱ्हाऊ दे," ती चुडामणला म्हणाली. "आते तू जाय, भाऊ."

नळी उपटायला चुडामणला एक घटका पुरली होती. सुनेच्या मनातली ती शंका जायला पुढचा पावसाळा उजाडला, आणि तोवर छबूबाईनं आपल्या नातवाला दुरूनच पाहिलं. म्हणून वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी भिंतीमागे जाऊन या. आणि कोणी कोणाला डाकीण म्हणत असेल, तुम्हांला खरं ठाऊक असेल, तर त्याच क्षणी बोला. चुडामण बोलला, पण उशिरा बोलला.