लाल टोपणाचा पेनड्राइव्ह

उमाने मांडीवरच्या लेकीच्या, मनस्विनीच्या तोंडातून लाल टोपणाचा पेनड्राइव्ह काढला आणि मूठ मिटली. टेबलाखाली वाकलेल्या सांडूचं लक्ष नव्हतं.

"इथंच ठेवला व्हता, मॅडम."

कानांच्या तपासणीच्या खोलीतला कॉम्प्युटर सकाळीच बंद पडला होता. सांडू त्यात विंडोज नव्याने टाकत होता आणि पडद्यावर एकच ओळ अडून बसली होती : डिस्क सापडली नाही.

"त्या पेनड्राइव्हशिवाय होणारच नाही का?" कान तपासणाऱ्या तनुजा मॅडमनी विचारलं.

"कंपनीचे ड्रायव्हर त्याच्यातच हायेत ना. ते दिल्याबिगर ह्याला डिस्क दिसंना, अन् पुढं तुमचं तपासणीचं मशीन बी वळखायचं नाय. नवा मागवा. पंधरा दिस धरा."

तनुजा उमाकडे वळल्या. "करमाडहून आलात ना तुम्ही? पुढची तारीख देऊ?"

पंधरा दिवस. उमाने नकळत श्वास सोडला. घरी सगळे म्हणतच होते, पोरीला ऐकू येतं. सासूबाई मागून ताट वाजवायच्या, मनू वळायची, पायातले वाळे वाजायचे. "बघ. तुलाच खूळ लागलंय." ताट वाजलं की आपली नजर तिकडे जाते आणि मनू ती नजर बघून वळते, हे उमाने कोणालाच सांगितलं नव्हतं.

मुठीतला पेनड्राइव्ह ओला लागत होता. मनू मान वर करून तिच्याकडेच बघत होती.

"हा आहे का, बघा."

"घ्या. मी सारं टेबल उपसतोय अन् माल ताईच्या मुठीत." सांडूने तो शर्टाला पुसला. "लाळ आत गेली नसंल तर नशीब."

त्याने पेनड्राइव्ह खोचला, 'लोड ड्रायव्हर'वर क्लिक केलं. पट्टी बराच वेळ हलली नाही. मग सरकली, आणि यादीत डिस्क आली. दीड तासाने तपासणीच्या मशीनवर हिरवा दिवा लागला.

"बाळाला तुमच्या समोर, त्या छोट्या खुर्चीत बसवा," तनुजा म्हणाल्या. "आवाज तिच्या मागून येईल."

"मॅडम, मी डोळे मिटून बसू का?"

"का?"

"मी जिकडं बघते ना, तिकडं वळते ती."

तनुजांचा हात माऊसवर थांबला. मग त्यांनी हळूच मान डोलावली.

उमाने डोळे मिटले. बारीक शिट्टी वाजली, थांबली. ती वाळे वाजायची वाट बघत राहिली.

शिट्टी पुन्हा वाजली, पहिल्यापेक्षा मोठी.