महिपतीआबांचं रडणारं झाड

कुसगावात त्या सकाळी ओंकारच्या दाराबाहेर चपलांचा खच पडला होता. ओसरी भरली, पायऱ्या भरल्या, खिडकीच्या गजांनाही माणसं लोंबकळली. सगळ्यांचे डोळे खोलीतल्या एका झाडावर. मोठ्या कुंडीतलं झाड, माणसाच्या उंचीचं, पानं सुपाएवढी. आणि त्या पानांच्या टोकांवरून टप टप पाणी गळत होतं. वर पक्का स्लॅब, छताला ओलीचा डाग नाही, आणि झाड रडत होतं!

“आलं बघा, आलं पाणी!” कुणीतरी ओरडलं, की मागच्या बायका हात जोडायच्या.

झाड महिपतीआबांचं, म्हणजे ओंकारच्या वडलांचं. आबा लोणावळ्यातल्या एका बंगल्याची राखण करायचे. बंगला विकला तेव्हा मालकिणीनं हे शोभेचं झाड त्यांना देऊन टाकलं. आबांनी त्याचे भारी लाड केले. थेट ऊन लागू द्यायचं नाही, पानं ओल्या फडक्यानं पुसायची, मातीत बोट खुपसून बघायचं आणि कोरडी लागली तरच पाणी घालायचं. आषाढात छातीत कळ येऊन आबा गेले. त्यांच्या मागं घरचे कुंडीत रोज पाणी ओतू लागले, श्रावण लागला आणि झाड रडायला लागलं. मग काय विचारता! आंदर मावळातून हौशीराम महाराज हजर झाले, आणि रस्त्याकडेच्या त्या प्रशस्त खोलीत त्यांनी ठाणच मांडलं.

“आत्मा पानात शिरलाय!” महाराज सांगायचे. “एनर्जी अडकलीय, एनर्जी! बायका-मुलांनो, रोज सांजच्याला तांब्याभर पाणी घाला, आत्मा तहानलेला हाय.”

लोक पाणी घालायचे, पहाटे झाड जास्त रडायचं, महाराज जास्त फुगायचे. मंत्र अर्धा संस्कृत, उरलेला टीव्हीवरच्या मालिकेतला. पण माना डोलवायला कुणाचं काय जातंय!

एकटी प्रतीक्षा मान डोलवत नव्हती. ती आबांची सून, लोणावळ्यात शाळेत विज्ञान शिकवणारी. “महाराजांनी आता आपल्या घरी जावं,” असं ती एकदाच बोलली होती. तेवढं पुरलं. दुसऱ्याच दिवशी झाडापुढे डोळे फिरवून महाराज म्हणाले, “आबा सांगत्यात, मला शेवटचं पाणी पाजणारा हात खोटा व्हता.”

आबांना शेवटचं पाणी प्रतीक्षानंच पाजलं होतं. दवाखान्यात न्यायचा हट्टही तिचाच. अंगारा लावून घरी ठेवलं असतं तर ते वाचले असते, हे सासूच्या, बयाबाईच्या, मनात तेव्हापासून सलत होतं. महाराजांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

तर आज तिची परीक्षा होती. झाडाचं पान चघळायचं. मन साफ असेल तर काही होत नाही, मनात पाप असेल तर पान जिभेला चावतं. पान चावलं तर प्रतीक्षानं घर सोडायचं. चार वर्षांची लेक पायल मात्र इथंच राहणार.

आणि पान चावतं, हे प्रतीक्षानं डोळ्यांनी बघितलं होतं. शेजारच्या अनितानं नुसतं विचारलं, “महाराज, झाड रडतं कसं हो?” तर तिला पान चघळायला लावलं. बिचारीची जीभ बघता बघता जाड झाली, लाळ गळायला लागली, तोंडातून शब्द फुटेना. गाव तिला तेव्हापासून पापी म्हणत होतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईलाही रात्रभर डोळा लागला नव्हता. खरंच चावलं तर? आपण आबांना नेण्यात उशीर तर नाही ना केला? भीती शहाण्या माणसालाही सोडत नाही हो, त्याच्याच डोक्यातले प्रश्न ती त्याच्यावर उलटवते.

“आधी मी खातो,” महाराज म्हणाले. झोळीतून त्यांनी स्टीलचा डबा काढला, त्यातला पानाचा तुकडा तोंडात टाकला, मजेत चावला आणि जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. गुलाबी, ठणठणीत! लोकांनी जयजयकार केला.

“आता सूनबाई. आपल्या हातानं काप.”

प्रतीक्षानं ओंकारकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. पायल आजीच्या पदराआडून म्हणाली, “आई, तू कुठं जाणार?” प्रतीक्षानं विळी ओढली आणि पानाचं जाड देठ कापलं. पांढुरका चीक मनगटावर ओघळला.

आणि मनगट खाजायला लागलं.

ती खाज तिच्या ओळखीची होती. श्रावणी सोमवारी फदफद्यासाठी अळू चिरताना हीच खाज सुटायची, म्हणून तर आधी हाताला तेल चोळायचं. ती पानाकडे बघतच राहिली. तो बदामासारखा आकार, ती शीर, ते लांब देठ. अगं बाई! बंगल्यातून आलं, कुंडीत बसलं, म्हणून कुणी ओळखलंच नाही?

“महाराज,” ती म्हणाली, “हे बघा, पान आत्ता कापलंय. अर्धं तुम्ही खा, अर्धं मी. तुम्ही आधी.”

महाराजांचा चेहरा उतरला. “माझा... माझा आज उपवास हाय.”

“आत्ता तर खाल्लंसा की!” मागून अनिता ओरडली. तिची जीभ अजून जड होती, पण एवढं तिनं बोलून टाकलं. लोक हसले. महाराजांनी डबा झोळीत कोंबायला घेतला, तेवढ्यात बयाबाईनं तो हातातून काढून घेतला. म्हातारीचा जन्म चुलीपुढे गेलेला. तिनं डब्याचा वास घेतला.

“चिंच हाय ह्यात. शिजवलेलं पान हाय हे.” मग तिनं कापलेलं देठ आपल्या मनगटाला घासलं, थोडा वेळ उभी राहिली आणि कराकरा खाजवायला लागली. “आगं, हे तर खाजरं अळू! त्याचीच मोठी जात!”

“हो आई,” प्रतीक्षा म्हणाली. “ह्याच्या चिकात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात. कच्चं खाल्लं की जिभेत, घशात रुततात, जीभ सुजते. पापी असो नाहीतर पुण्यवान, सगळ्यांची. घसा जास्त सुजला तर माणूस गुदमरतो. अनितावहिनी थोडक्यात वाचल्या. महाराजांचं पान चिंच घालून शिजवलेलं, म्हणून ते चावलं नाही.”

“आणि रडतंय ते?” दत्तोबा म्हणून एक म्हातारे पुढं आले. “त्ये तर खोटं न्हाई ना?”

“चला माझ्याबरोबर, काका.”

सगळी गर्दी तिच्यामागं परसात गेली. तिथं मोरीच्या सांडपाण्यावर घरचं अळू माजलं होतं, तसं प्रत्येकाच्याच घरामागं असतं. रात्री पाऊस नव्हता, हवा गारठलेली, वारा नाही. आणि त्या प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक थेंब लटकत होता.

“हे कोण रडतंय?” प्रतीक्षानं विचारलं. “तुमच्या आमच्या मोरीवर कुणाचा आत्मा आलाय? मुळाशी पाणी फार झालं, हवा दमट असली, की रात्री मुळं पाणी वर ढकलतात आणि ते पानाच्या टोकातून गळतं. आबा मोजकं पाणी घालायचे, तेव्हा गळलं नाही. आपण रोज संध्याकाळी कुंडीत तांब्यावर तांबे ओततोय. ते जाणार कुठं?”

दत्तोबांनी अळवाचा थेंब बोटावर घेतला आणि ओशाळून हसले. “जल्मभर बगतोय की ह्ये.” महाराज तोवर पुढच्या दारानं सटकत होते. आता मात्र ओंकारनं मान वर केली, धावत जाऊन त्यांच्या मोटारसायकलची किल्ली काढून घेतली आणि पोलिसांना फोन लावला.

बयाबाई मोरीपाशीच खाली बसली.

“मंजी, ते रडत न्हवते?”

“नाही आई.”

“मला वाटायचं, निदान झाडात तरी हायेत.” तिनं पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली. मग प्रतीक्षाचा हात घट्ट धरला. “आन मी तुला घराभायेर काढायला निगाले व्हते गं.” प्रतीक्षा तिच्याशेजारी चिखलातच बसली. तिला राग होता, तो राहणारही होता, पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

आता एवढंच सांगतो. प्रतीक्षानं भीतीपोटी ते पान तोंडात घातलं असतं, तर तिच्याच सुजलेल्या जिभेनं तिच्याविरुद्ध साक्ष दिली असती, आणि तिला एक शब्द बोलता आला नसता. किती बाया अशा गप्प झाल्या असतील, देव जाणे, किंवा देवालाही ठाऊक नसेल. तुमच्या दारात कुणी असा परीक्षा घ्यायला आला, तर घाबरा, खुशाल घाबरा. पण तो घास आधी त्याला खायला लावा, तुमच्या डोळ्यांदेखत आणि तुमच्याच ताटातला.