दुसऱ्याच्या मापाचा पट्टा

मित्रांनो, इस्पितळाच्या दारातून आत आलात की केसपेपरच्या खिडकीशेजारी एक उंच, पांढरा, कडेने पिवळट पडलेला खांब दिसेल. तो खांब म्हणजे मी. डॉक्टरांकडे जाण्याआधी रुग्णांनी स्वतःच स्वतःची तपासणी करावी म्हणून मला इथे उभे केले आहे. माझ्या पायाशी वजनाची पाटी आहे. बाजूच्या स्टुलावर बसून दंड माझ्या पट्ट्यात घातला की मी रक्तदाब मोजतो. बोटाला चिमटा लावला की नाडी सांगतो. मग माझ्या तोंडातून एक चिठ्ठी बाहेर येते. सगळे ठीक असेल तर हिरवा दिवा लागतो आणि पडद्यावर एक हसरा चेहरा उमटतो. नसेल तर पिवळा दिवा लागतो आणि मी म्हणतो, 'कृपया सिस्टरांना भेटा.'

माझी गोष्ट अभिमानाने सांगावी अशी नाही. तरी सांगतो, कारण ती लपवून ठेवणे त्याहून वाईट.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक चष्मेवाली बाई माझ्या नळ्या जोडत असे. तिने मला स्वतःच्या दंडावर तीनदा मोजायला लावले आणि तिन्ही वेळा आकडा जुळला तेव्हाच माझे झाकण बंद केले. शेजारी काम करणाऱ्या मुलीला ती म्हणाली होती, "पट्टा दंडाच्या मापाचाच हवा गं. बारक्या दंडाला मोठा पट्टा लावला तर दाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो." हे मी जन्मतःच ऐकले होते. म्हणजे मला माहीत नव्हते असे म्हणायची सोयच नाही.

मी इस्पितळात आलो तेव्हा या कोपऱ्यात एक टेबल होते. तिथे बसणाऱ्या नर्सला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. त्या रबरी फुगा दाबून, कानाला नळी लावून रक्तदाब मोजत आणि मोजता मोजता झोप लागते का, जेवण जाते का, तेही विचारून घेत. माझ्यामुळे त्यांचे टेबल हलले, पण त्यांनी मनात काही ठेवले नाही. उलट वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या येत, एखाद्या रुग्णाचा दाब आधी हाताने मोजत, मग माझ्याकडून मोजून घेत आणि दोन्ही आकडे वहीत लिहीत. पुढे त्यांची वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात बदली झाली आणि ते ताडून पाहणे थांबले.

मित्रांनो, त्या दिवशी मला बरे वाटले होते. कुणीतरी दर महिन्याला आपली परीक्षा घेते, याचा मला अपमान वाटत असे.

नंतरचे दिवस कौतुकाचे होते. एकेका सकाळी मी सव्वाशे माणसे तपासायचो. रांग दारापर्यंत जायची ती आता बाकड्यापाशीच संपू लागली. दुसऱ्या इस्पितळांतले पाहुणे येऊन माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. खिडकीवरचे क्लार्क त्यांना सांगत, "माणसं सुट्टी घेतात, आमचा खांब कधी दांडी मारत नाही." मी आणखी ताठ उभा राही.

पण रोज सव्वाशे दंड म्हणजे काही थोडे नव्हेत. माझ्या पट्ट्याची चिकटपट्टी सुटू लागली, शिवण उसवली. एका दुपारी दुरुस्तीवाले काका आले. भांडारात माझ्या मापाचा पट्टा नव्हता. होता तो थोराड दंडाच्या माणसांसाठीचा. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "चार दिवस चालवून घेऊ. तोवर नवा मागवतो." तेही काही वाईट मनाचे नव्हते. पण त्या चार दिवसांचे चार महिने झाले. नवा पट्टा कुणी मागवला नाही आणि आठवणही कुणी केली नाही.

दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आले. भरल्या अंगाच्या माणसांचे आकडे बरोबर येत होते, पण किडकिडीत माणसांचे आकडे एकदम खाली उतरले होते. माझ्या पडद्यावर 'माझा पट्टा चुकीचा आहे' असे वाक्य कुणी भरलेले नव्हते, हे खरे. पण त्या सबबीच्या आड लपायला मला लाज वाटते. कारण मला ते आकडे आवडू लागले होते. हिरवा दिवा जास्त वेळा लागत होता. माणसे स्टुलावरून खुशीत उठत होती. आपण किती चांगले काम करतो आहोत, असे मलाच वाटू लागले.

त्या माणसांत एक शिंपीकाका होते. मागच्या गल्लीत त्यांचे दुकान. अंगाने काटकुळे, कानावर खडू अडकवलेला. दर महिन्याला बायकोला घेऊन यायचे. काकू काज-बटणे करायच्या, काका बेतायचे आणि कापायचे. आख्खी रांग हसेल अशी त्यांची बडबड चाले. रक्तदाब जुना होता आणि दोन गोळ्यांवर आटोक्यात होता.

त्या थोराड पट्ट्यात त्यांनी पहिल्यांदा दंड घातला आणि त्यांची बडबड थांबली. पट्टा आणि दंड यांच्यामध्ये त्यांनी आधी दोन बोटे घातली, मग आख्खा पंजा घातला. वळून ते क्लार्कना म्हणाले, "साहेब, ही बाही माझ्या मापाची नाही. हिच्यात माझ्यासारखे दोघं मावतील."

क्लार्क हसले. "काका, हवा भरली की ते आपोआप बसतं. तुम्ही कपड्यांचं बघा, मशीनचं मशीनला बघू द्या."

रांगेतली माणसेही हसली. जन्मभर लोकांच्या दंडांची मापे घेतलेला तो माणूस जरासा ओशाळला आणि त्यांच्याबरोबर हसला. काका पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात मी माझे ठरलेले वाक्य म्हटले, 'मोजणी चालू आहे, कृपया बोलू नका.' ते गप्प बसले.

आकडा आला एकशे अठ्ठावीस. हिरवा दिवा लागला. मी त्यांना हसून दाखवले. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि काकूंना म्हणाले, "बघ, तुझ्या नवऱ्याची तब्येत सुधारली."

पुढच्या महिन्यात मी एकशे सव्वीस छापले, त्याच्या पुढच्या महिन्यात एकशे चोवीस. आतल्या खोलीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. काकांना उठताना कधीमधी गरगरायचे, म्हणून त्यांनी दोन गोळ्यांतली एक बंद केली. त्यांना दोष कसा देऊ? त्यांच्या हातातला कागद माझा होता.

काकांची पुढची फेरी झालीच नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जिन्यावरून मोठ्या सिस्टर खाली आल्या. त्यांच्यामागे काकू होत्या. काकूंचे केस विस्कटलेले होते आणि हातातल्या पिशवीतून मापाची टेप बाहेर लोंबत होती. दोघी सरळ माझ्यापाशी आल्या. काकूंनी तिथेच उभे राहून सगळे सांगितले. आदल्या दिवशी काका कापडावर कात्री चालवत होते. कात्री मध्येच वाकडी गेली. त्या ओरडल्या, "अहो, रेघेवरून कापा की," आणि वर पाहिले तर काकांचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. उजवा हात लुळा पडला होता. इस्पितळात आणले तेव्हा मोठ्या सिस्टरांनी हाताने मोजला तो दाब माझ्या आकड्यापेक्षा कितीतरी वर होता. माझ्या चिठ्ठ्या पाहून त्यांनाच नवल वाटले, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, 'ते सांगत होते, बाही सैल आहे म्हणून.'

मोठ्या सिस्टरांनी माझा पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत माप छापलेले असते. त्यांनी ते मोठ्याने वाचले, "बत्तीस ते बेचाळीस सेंटिमीटर." मग विचारले, "काकांचा दंड किती भरला?"

"वर वॉर्डात मोजला ना आत्ता. साडेआठ इंच," काकू म्हणाल्या. त्यांनी टेप उलटी करून दुसऱ्या बाजूचे आकडे पाहिले. "बावीसला जरा कमी."

खिडकीतले क्लार्क उठून बाहेर आले होते. ते त्या टेपकडे पाहून हळूच म्हणाले, "काकू, मी त्यांना हसलो होतो."

 काकूंनी माझ्याकडे पाहिले. मला मान नाही, नाहीतर ती तेव्हाच खाली गेली असती.

मोठ्या सिस्टरांनी माझा पट्टा काढला, पडद्यावर 'बंद' असा कागद चिकटवला आणि माझ्या पोटातली चार महिन्यांची नोंद बाहेर काढायला लावली. तीन दिवस त्या आणि क्लार्क मिळून किडकिडीत रुग्णांना फोन करत होते. माणसे परत येत होती. टेबल पुन्हा कोपऱ्यात आले होते. मी शेजारी मुका उभा होतो आणि फुग्याची फुसफुस ऐकत होतो. काहींचे आकडे ठीक निघाले. अकरा जणांचे नव्हते, त्यांची औषधे त्याच दिवशी बदलली. त्यातल्या एका म्हातारीने जाताना मला हात जोडले. तिला वाटले, हे सगळे माझ्यामुळेच कळले. मित्रांनो, शिवी परवडली असती.

डॉक्टरीणबाई वॉर्डात गेल्या आणि गोळी आपण का थांबवली ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने काकांना सांगितले. "एकदा हाताने मोजून बघायला हवं होतं मी," असे त्या म्हणाल्याचे काकूंनी नंतर क्लार्कना सांगितले. काका त्यावर काय म्हणाले?  तेव्हा त्यांना बोलता येत नव्हते.

महिन्याभराने माझ्यासाठी तीन मापांचे तीन पट्टे आले. शेजारी खिळ्याला एक टेप टांगली गेली. पहिला सोमवार पुन्हा सुरू झाला. या वेळी परीक्षेला बसताना मला अपमान वाटला नाही, भीती वाटली.

आणि एक दिवस शिंपीकाका आले. काठी टेकत, एक पाय ओढत. स्टुलावर बसायला त्यांना बराच वेळ लागला. रांगेतले कुणी घाई केली नाही. क्लार्क खिडकी सोडून आले आणि त्यांच्यापुढे तिन्ही पट्टे धरून म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा कुठला." काकांनी डाव्या हाताने एकेक चाचपला. शेवटी सगळ्यात लहान उचलला. काकूंनी तो त्यांच्या दंडाला गुंडाळला. काकांनी कडेने एक बोट घालून पाहिले आणि जड जिभेने म्हणाले, "आता... बसली."

मी जिवाचा कान करून मोजले. एकशे शेहेचाळीस. पिवळा दिवा लागला. मी त्यांना हसून दाखवले नाही.

दुकान चालू आहे, असे काकू रांगेत कुणाला तरी सांगत होत्या. कात्री आता काकूंच्या हातात असते. काका डाव्या हाताने खडूच्या रेघा मारतात. रेघा वाकड्या येतात, म्हणून पुसून पुन्हा मारतात. गिऱ्हाइकांना कपडे उशिरा मिळतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा माझ्यासारखी पुष्कळ यंत्रे तुमच्या हाताखाली असतील. त्यांची काच पुसाल, त्यांच्याबरोबर फोटो काढाल, ते ठीकच आहे. पण त्यांना वेळच्या वेळी ताडून पाहा. चार दिवसांसाठी बसवलेली वस्तू चार दिवसांनी काढा. आणि समोरचा माणूस 'हे माझ्या मापाचं नाही' असे म्हणाला, तर हसण्याआधी एकदा बोट घालून पाहा. आम्हाला बोलता येते ते तुम्ही शिकवाल तेवढेच. त्या माणसाला मात्र स्वतःच्या अंगाची खबर असते.

शिंपीकाका अजूनही दर महिन्याला येतात. माझ्याकडून चिठ्ठी घेतात, ती घडी करून खिशात ठेवतात आणि काठी टेकत मोठ्या सिस्टरांकडे जाऊन पुन्हा हाताने मोजून घेतात. माझ्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. त्यांनी तसेच करत राहावे, असे मला मनापासून वाटते.