टनेलचा नवा पत्ता

दुकानातला हिशेबाचा डेटाबेस परगावी बसून क्लाउडवरच्या टूलमध्ये बघता यावा, म्हणून दादाने फुकटातला टनेल, म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरपर्यंतची इंटरनेटवरची वाट, जोडलाय. माझ्यावर भरवसा नाही, दुसरं काय. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला की टनेलचा पत्ता बदलतो. मग नवा पत्ता विचारायला दादाला झक मारत फोन करावा लागतो.

आज पुन्हा फोन. "कॉम्प्युटरचं बटण कोणी दाबलं?" तो खेकसला.

दाबणारी माझ्या शेजारीच बसली होती. तिने फोन हिसकावला. "जेवलास का रे?"

"आई, आधी पत्ता दे. उद्या कायमचा पत्ताच विकत घेतो, ही फोनची कटकट नको."

आईने फोन मला दिला.

"घे खुशाल," मी म्हणालो. "मग मी कॉम्प्युटर लावणारच नाही. बस दिवसभर फोन करत."