एकोणिसावी कडी

ओटोकार लिंडेमान यांची मान सतत हलायची. हात मात्र अगदी स्थिर. पूर्वी ते फुर्टवांगनला घड्याळं दुरुस्त करत. आता फ्रायबुर्गच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं एमआरआयसाठी एक शिरस्त्राण बनवत होतो. आत डोक्यातून येणारे क्षीण संकेत टिपणाऱ्या तांब्याच्या बत्तीस कड्या, प्रत्येकीला ते मोठे करणारा स्वतःचा चिमुकला अँप्लिफायर. बत्तीस जागांहून एकदम ऐकलं की मिनिटांचं काम सेकंदांत उरकतं, आणि ज्यांना निश्चल पडून राहणं जमत नाही त्यांचंही चित्र स्पष्ट येतं.

पहिल्या चाचणीला डोक्याऐवजी पाण्याची बाटली ठेवली. चित्रात डावीकडे काळा डाग. एकोणिसावी कडी मुकी होती. टेबलावर तपासली तर ठणठणीत. यंत्रात नेली की पुन्हा गप्प.

"चुंबकापुढे लाजते वाटतं," ओटोकार म्हणाले.

तीन दिवस गेले. मी वायर बदलली, अँप्लिफायर बदलला. नवा अँप्लिफायरही त्या जागी गेला की मुका! म्हणजे दोष जागेत होता. गुरुवारी दहाच्या कॉफीला मी शिरस्त्राण उलटं धरून बघत बसले. एकतीस अँप्लिफायर यंत्राच्या बोगद्याच्या दिशेनं उभे, एकच आडवा.

"हा असा का?"

"डोळ्यांसमोरच्या खिडकीत येत होता, म्हणून मीच फिरवला. विजेला काय गं, उभं नि आडवं सारखंच!"

"बाहेर सारखंच. पण यंत्राच्या आत तो चुंबक वाहत्या विजेला बाजूला ढकलतो, आणि अँप्लिफायर आडवा असला की तिची वाटच अडते..."

"व्याख्यान नंतर दे, पोरी. आधी फिरवून बघू."

त्यांनी खिडकीची कड कानशीनं घासली आणि अँप्लिफायर उभा बसवला. डाग गेला.

"माझीच चूक, आणि तीन दिवस मला दिसली नाही," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला तरी कुठं दिसली?"

"बरं, आता बाटली काढ. मी झोपतो."

संमतीच्या कागदावर त्यांनी आधीच सही केली होती. इस्पितळात दोनदा त्यांचं चित्र हलून फुकट गेलं होतं. इथं चाळीस सेकंद लागले. मेंदूची घडी न् घडी स्वच्छ दिसत होती.

ते पडद्याजवळ वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"मान हलव म्हणून सांगणारा भाग यातला कुठला?"

"ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही."

"असं?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग उद्या पुन्हा झोपतो. जरा खालच्या, मानेकडच्या बाजूनं घे."