एमटीआय हाय

भोरच्या कॉलेजात रत्ना आणि सबिहा ही जोडी ओळखली जायची ती भांडणासाठी. वादविवाद स्पर्धेचा नियमच तसा. एका कॉलेजाने दोघांना पाठवायचं, एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध, आणि दोघांचे गुण मिळून ढाल. म्हणजे जिंकायचं तर आपल्याच माणसाला खोडून काढायचं. रत्ना कायम बाजूने, सबिहा कायम विरुद्ध. एसटी स्टँडच्या बाकावर बसून दोघींनी तीन वर्षं वाद घातला, आणि हिर्डोशीची गाडी लागली की तो अर्धाच सोडून रत्ना घरी जायची.

२००३ साली जिकडे तिकडे एकच विषय होता, जागतिकीकरण. रत्ना म्हणायची, माझे वडील वीस वर्षं मुंबईत हमाली करतात आणि शिमग्याला नि गणपतीला तेवढे घरी दिसतात. आता कामच सातासमुद्रापलीकडून दाराशी येतंय, तर त्याला हाकलायचं कशाला? सबिहा म्हणायची, ते काम पाहुणं आहे. आपल्यापेक्षा स्वस्त माणसं सापडली की टेबल-खुर्च्यांसकट उठून जाईल, आणि तोवर आपली नावं बदलेल, झोप बदलेल.

पण पुण्याच्या एका कॉल सेंटरची जाहिरात आली तेव्हा अर्ज दोघींनीही केला. विरुद्ध बोलणारीनेसुद्धा. स्पर्धेतली मतं स्पर्धेपुरती, नोकरी कुणाला नको असते?

तिथल्या बाईंनी दोघींकडून इंग्रजी उतारा वाचून घेतला, चार प्रश्न विचारले. उठता उठता रत्नाने टेबलावरच्या कागदावर नजर टाकली. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, एमटीआय हाय. सबिहाच्या नावापुढे, एमटीआय लो. एमटीआय म्हणजे काय हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. आयटीआय माहीत होतं. हे त्याच्याही वरचं काहीतरी असणार. हाय म्हणजे जास्त, आणि जास्त म्हणजे चांगलं, एवढं तर पहिलीपासूनचं शिक्षण. परतीच्या गाडीत सबिहा कात्रजपासून भोरपर्यंत रडली आणि रत्ना तिची समजूत घालत राहिली.

घरी आई, चंद्राबाई, एकटीच. तिने दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सांगून टाकलं, "आमच्या रत्नाला एमटीआय हाय." तिच्या बोलीत हाय म्हणजे आहे, त्यामुळे वाक्य अगदी फिट्ट बसलं. आठवड्याभरात हिर्डोशीत सगळ्यांना कळलं की चंद्राबाईच्या पोरीला एमटीआय आहे. ते असतं काय, हे विचारून अडाणी ठरायची कुणाचीच तयारी नव्हती.

मग पत्र आलं, ते सबिहाला. रत्नाने स्वतःला समजावलं की वरच्या जागांची पत्रं मागून निघत असतील. सबिहाला गाडीत बसवून देताना तिने सामान वर चढवलं, हात हलवला, आणि आपली गाडी लागेपर्यंत त्याच बाकावर बसून राहिली.

पुढचे दोन महिने रत्नाने त्या बाकावर एकटीनेच वाद घातला, मनातल्या मनात. पण सबिहाची बाजू लंगडी पडायची. सबिहाला जे सुचायचं ते हिला सुचेना. एसटीडी बूथवरून दोनदा फोन केला तर खोलीतली दुसरी मुलगी म्हणाली, ती झोपलीय. दुपारी बारा वाजता झोपलीय. रत्नाला तिची फार आठवण यायची, आणि हे सांगावं अशी एकच मैत्रीण होती, ती झोपलेली.

पत्र काही येईना. मार्चमध्ये भोरलाच स्पर्धा होती. सबिहाचं नाव अजून कॉलेजच्या पटावर होतं, तेव्हा आदल्या रात्रीची रजा टाकून ती आली. डोळ्यांखाली काळं, इंग्रजी मात्र सुळसुळीत. धड बोलायलाही वेळ मिळाला नाही. चिठ्ठ्यांत सबिहाचा नंबर आधी लागला, रत्नाचा तिच्या पाठोपाठ.

सबिहा नेहमीप्रमाणे पेटून बोलली. बोलता बोलता म्हणाली, "आमच्याकडं आईच्या भाषेलाही मोजमाप आहे. मदर टंग इन्फ्लुअन्स, एमटीआय. तुमच्या इंग्रजीत तुमची आई किती ऐकू येते, ते मोजतात. जिचा कमी तिला घेतात. जिचा जास्त, तिच्या नावापुढं हाय लिहून तिला घरी पाठवतात."

टाळ्या पडल्या. मुद्दा सापडला की सबिहाला समोरचं माणूस दिसायचं नाही, हेच तिचं बळ होतं. टाळ्या थांबल्यावर तिला पहिल्या रांगेतली रत्ना दिसली आणि शेवटची दोन वाक्यं ती विसरली.

मग रत्नाचं नाव पुकारलं. तिने उभं राहून जागतिकीकरणाच्या बाजूने एकही मुद्दा न गाळता भाषण केलं. काम दाराशी येतंय, खेड्यातल्या पोरींना संधी आहे, भाषा ही भिंत नव्हे तर दार आहे. परीक्षकांनी तळमळीचं कौतुक केलं. ढाल मिळाली.

बाहेर सबिहा म्हणाली, मला वाटलं तुला कळलं असेल. रत्ना म्हणाली, मुद्दा चांगला होता. सबिहाला रात्री कामावर हजर व्हायचं होतं, ती चारच्या गाडीने गेली.

घरी चंद्राबाई सुपात नाचणी पाखडत बसली होती. तिने रोजच्यासारखं विचारलं, "कागुद आला का गं?"

वाटभर रत्नाने ठरवलं होतं की गोड बोलून वेळ मारून न्यायची. पण दोन महिन्यांचा राग कुठेतरी निघायचाच होता, आणि समोर आईच होती.

"न्हाई येणार. एमटीआय म्हंजी तुजी बोली, आई. ती माज्या तोंडात लई हाय, म्हून घेतलं न्हाई मला."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. चंद्राबाईचा हात सुपावर थांबला. ती रागावली नाही, रडली नाही. पोरीचं अडलंय तर आपल्याला काय करता येईल, याचा तिने खरोखर विचार केला.

"मंग म्या तुज्यासंगं कमीच बोलत जाईन," ती म्हणाली.

रत्ना म्हणाली, तसं नसतं गं आई. पण चंद्राबाई आत गेली होती. तिने ताट वाढलं, आणि "जेव बया" न म्हणता नुसतंच पुढे सरकवलं.